सुटे भाग गोदामातून काढताना आणि बांधताना

वाहनांच्या सुट्या भागांच्या गोदामात माल काढणाऱ्याने डोळ्यांपेक्षा पार्ट नंबरवर विश्वास ठेवावा, कारण ब्रेक पॅडचे दोन संच वरवर अगदी सारखे दिसतात आणि त्यांतला फरक बऱ्याचदा चाक उघडून बसलेल्या मेकॅनिकच्याच लक्षात येतो. नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. बाजू, रंग किंवा सुधारित आवृत्ती अनेकदा त्या शेवटच्या अक्षरांतच दडलेली असते. यादीतला आणि खोक्यावरचा नंबर जुळत नसेल, तर नवा नंबर जुन्याच्या जागी आल्याची नोंद संगणकावर सापडल्याशिवाय माल उचलू नये. डावे-उजवे चालकाच्या आसनावर पुढे तोंड करून बसल्यावर जसे असते तसेच धरायचे असते. गाडीसमोर उभे राहून ठरवले की हेडलॅम्प हमखास उलटा जातो.

बॅटरी नुसती ठेवलेली असतानाही हळूहळू उतरते, म्हणून आधी आलेली आधी काढावी. परत आलेला, सील तुटलेला खोका क्लिपा आणि बोल्ट मोजल्याशिवाय पुढे पाठवू नये.

बांधणी करताना प्रत्येक भागाची कमकुवत जागा कोणती, हे आधी पाहावे. हेडलॅम्पची काच शाबूत राहते आणि गाडीला जोडणारे प्लास्टिकचे कान मोडतात, असे वारंवार घडते. म्हणून कानांवर भार येणार नाही अशा बेताने तो मूळ खोक्यासह मोठ्या खोक्यात ठेवून चारही बाजूंनी भरणी करावी. ब्रेक डिस्कचे उलट आहे: ती स्वतः सहसा मोडत नाही, पण सरकली की शेजारचा माल चेपते आणि पुठ्ठ्याचा कोपरा फाडते, त्यामुळे तिला स्वतंत्र खोका द्यावा. गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारा पातळ थर) दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये ठेवावे, इंजिनाचा पट्टा तीव्र कोनात दुमडू नये, बेअरिंगचे बंद पाकीट उघडू नये आणि पॅडच्या घर्षणाच्या पृष्ठभागाला तेलकट हातमोजे लावू नयेत.

द्रव आम्लाची बॅटरी (यूएन २७९४; हा धोकादायक मालाचा संयुक्त राष्ट्रांचा ओळख क्रमांक) उभी ठेवून तिची टोके झाकावीत. एअरबॅग आणि सीटबेल्ट ताणणारे यंत्र (यूएन ३२६८) यांत स्फोटक द्रव्य असू शकते. असा माल धोकादायक मालाचे प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याकडेच सोपवावा, मग घाई कितीही असो.

टेप लावण्यापूर्वी झाकण दाबून खोका हलवून पाहावा, आणि आत काही सरकल्याचा आवाज आला तर तो उघडून पुन्हा भरावा.