ह्यूस्टन ते एल पासो एका दिवसात: आधी टायर बघा, मग निघा

ऑगस्ट उजाडला की मला फोन सुरू होतात. कुणाची मुलगी एल पासोला शिकायला आलेली असते, कुणाला तिथे पहिली नोकरी लागलेली असते. ह्यूस्टनला मामा-मावशीकडे आठवडाभर राहायचं, इथेच जुनी गाडी घ्यायची आणि सामान भरून निघायचं, असं ठरलेलं असतं. प्रश्नही ठरलेला. "ताई, मॅपवर अकरा तास दाखवतंय. नऊला नाश्ता करून निघालो तर रात्री आठपर्यंत पोचू ना?"

नाही पोचणार. मी नऊ वर्षं एल पासोत काढली, गेली सात वर्षं ह्यूस्टनजवळ केटीला राहते आणि हा रस्ता वर्षातून दोन-तीनदा करते. अंतर साधारण ७४५ मैल, म्हणजे १२०० किलोमीटर. मुंबईहून नागपूरला जायचं आणि तिथून परत निम्म्या वाटेवर यायचं, एवढं. आणि हे सगळं एकाच राज्यात, टेक्सासात. एल पासोहून ह्यूस्टनपेक्षा कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो जवळ पडतं. थांबे धरून तेरा-चौदा तास लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने चौदाच धरावेत.

रस्ता चुकण्यासारखा नाही, पूर्ण आय-१० हा एकच हायवे. टेक्सासात या रस्त्याचे मैल पश्चिमेकडून, न्यू मेक्सिकोच्या हद्दीपासून मोजतात आणि एक्झिटचे, म्हणजे हायवेवरून उतरायच्या वाटांचे, नंबर त्याच मैलांवरून पडतात. ह्यूस्टनच्या मध्यावर एक्झिट ७६९, एल पासोच्या मध्यावर १९. जंक्शन गाव ४५६, सोनोरा ४००, फोर्ट स्टॉकटन २५७, व्हॅन हॉर्न १३८ च्या आसपास. एवढे चार-पाच आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला लावा. मधे बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, तेव्हा पाटीवरचा आकडाच सांगतो की किती राहिलं. मदतीसाठी फोन करायची वेळ आलीच तर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो: कुठल्या मैलावर आहात? ऑफलाइन नकाशाही उतरवून घ्या.

निघायची वेळ पहाटे चार. शनिवारी किंवा रविवारी. चारला केटी फ्रीवे मोकळा असतो, सातला सॅन अँटोनिओ पार होतं, नऊ-सव्वानऊला जंक्शन येतं. कामाच्या दिवशी उशिरा निघालात तर सॅन अँटोनिओच्या गर्दीत तास जातो. दुसरं कारण सूर्याचं. तुम्ही दिवसभर पश्चिमेला चाललेले असता. दुपार कलली की ऊन थेट काचेतून डोळ्यांत येतं, आणि नेमकी तेव्हाच अंगात थकवा भरलेला असतो. चारला निघालेला माणूस ऊन पार उतरायच्या आत पोचतो. शिवाय एल पासोचं घड्याळ ह्यूस्टनच्या एक तास मागे. व्हॅन हॉर्न सोडून हडस्पेथ काउंटीत शिरलात की फोनवरची वेळ आपोआप बदलते. जाताना हा तास मिळतो, परतताना तोच जातो. परतीच्या दिवशी हॉटेलातून निघायची वेळ ठरवताना हे विसरू नका.

आता टायर. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

२०११ चा जुलै. आम्ही ह्यूस्टनहून जुनी सेडान घेतली होती. गाडी चकचकीत, फार न चाललेली, टायरच्या खाचा नव्यासारख्या खोल. माझे यजमान चालवत होते, मागे तीन वर्षांची मुलगी झोपलेली. ओझोना सोडून तीसेक मैल झाले असतील. दुपारचे दोन. आधी नुसती घरघर ऐकू आली, रस्ता खडबडीत लागल्यासारखी. मग धाडकन आवाज आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे ओढला गेला. त्यांनी ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून वेग आपोआप उतरू दिला, म्हणून आज हे लिहिते आहे. उतरून पाहिलं तर टायरचा वरचा पट्टा सालीसारखा सोलून निघालेला. डिकीत स्टेपनी होती, पण तिच्यात हवा नव्हती. घेताना ती दाबून बघायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. फोनला रेंज नाही, चाळीस डिग्रीचं ऊन, सावलीला एक झाड नाही.

एक म्हातारे गृहस्थ पिकअप घेऊन थांबले. त्यांनी आम्हाला बर्फातल्या पाण्याच्या बाटल्या दिल्या, रेंज येईपर्यंत पुढे गेले, टो ट्रकला फोन केला आणि फोन लागला हे सांगायला परत आले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. या देशाबद्दल कुणी काही बोलो, टेक्सासच्या या भागात रस्त्यावर अडलेल्याला माणसं सोडून जात नाहीत. पण माणूस भेटेपर्यंत तुमचं तुम्हालाच निभवावं लागतं. टो ट्रक अडीच तासांनी आला. फोर्ट स्टॉकटनला त्या मापाचा टायर सोमवारशिवाय मिळणार नव्हता. दोन रात्री मोटेल, टो आणि चार टायर मिळून ९८० डॉलर गेले. आमचं महिन्याचं घरभाडंही एवढं नव्हतं.

दुकानातल्या पोराने फाटक्या टायरवर बोट ठेवून आकडा दाखवला: २२०४. टायरच्या बाजूवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्यांच्यापुढे लांबलचक कोड असतो आणि त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २००४ सालचा बाविसावा आठवडा. टायर सात वर्षांचा होता. गाडी कमी चाललेली म्हणून खाचा शाबूत, पण रबर उन्हात वाळून गेलेलं. गाडी बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या सहा वर्षांनंतर, खाचा असल्या तरीही, टायर बदलायला सांगतात. बऱ्याच टायरवर पूर्ण कोड एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेलेली असू शकते. मग जमिनीवर पथारी पसरा, खाली वाकून टॉर्चने बघा, पण चारही टायरचे आकडे वाचा. स्टेपनीचाही वाचा.

नव्या लोकांना अजून एक सांगते. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासात खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली. ह्यूस्टन, एल पासोसारख्या शहरांच्या काही काउंट्यांत (जिल्ह्यांत) फक्त धुराची चाचणी उरली. म्हणजे विकणाऱ्याने दाखवलेल्या कागदांवरून टायर आणि ब्रेक कुणी पाहिले असतील असं समजू नका.

हवा थंड टायरमध्ये, पहाटे निघण्याआधी भरायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नाही. ही चूक मी कितीतरी मुलांना करताना पाहिली आहे. हवा कमी असली तरी टायर तापून फुटतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेले अपघात आपण सगळ्यांनी वाचले आहेत. तिथे मर्यादा ताशी १२० किलोमीटर. इथे केरव्हिलच्या आसपासपासून शेकडो मैल ८० मैलांची पाटी आहे, म्हणजे १२९ किलोमीटर, आणि गाडीत संसार भरलेला. बऱ्याच नव्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते, नुसता पंप आणि डिंकासारख्या द्रवाची बाटली. खिळा घुसला तर ती उपयोगी पडते, फाटलेल्या टायरला नाही. टोचं सदस्यत्व घेताना किती मैल फुकट ओढून नेतात ते विचारा. पाच-सात मैलांची स्वस्त योजना शहरात ठीक, या रस्त्यावर शंभर मैलांचीच हवी.

गॅस, म्हणजे पेट्रोल: सोनोरा किंवा ओझोना, मग फोर्ट स्टॉकटन, मग व्हॅन हॉर्न. तिन्ही ठिकाणी टाकी भरायचीच, काटा अर्ध्यावर असला तरी. ओझोना ते फोर्ट स्टॉकटन शंभर मैलांच्या वर आहे.

गाडी कोण चालवणार, हे आदल्या दिवशी ठरवा. आपल्या मंडळींत एक गोष्ट मला मनापासून खटकते. बायकोकडे लायसन्स असतं, ती शहरात रोज मुलांना नेते-आणते, पण हायवेला लागलं की नवरा स्टिअरिंग सोडत नाही. तेरा तास एकट्याने. मग व्हॅन हॉर्नच्या पुढे, सरळ रस्ता आणि समोर ऊन अशा जागी, डोळा लागतो. दर दोन तासांनी चालक बदला. मैत्रिणींनो, तुम्हीही मागून घ्या. पहिल्यांदा हायवेवर चालवायचं असेल तर सोनोरा ते फोर्ट स्टॉकटनइतका मोकळा रस्ता शिकायला दुसरा मिळणार नाही. आणि मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "आम्ही दहा तासांत मारलं" म्हणालं तर त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका. एकटेच असाल तर फोर्ट स्टॉकटनला रात्र काढा. वाटेत टेक्सासने बांधलेली विश्रांतिस्थळं आहेत, स्वच्छ आहेत, तिथे गाडीत तासभर झोपलं तर कुणी हटकत नाही.

डावी लेन ओव्हरटेक करण्यापुरती, करून झालं की उजवीकडे या. दिवे लुकलुकणारी पोलिसाची किंवा टोची गाडी कडेला उभी असेल तर शेजारची लेन सोडा, नाहीतर मर्यादेपेक्षा वीस मैल वेग कमी करा. हा कायदा आहे.

पोलिसाने मागे दिवे लावले तर उजवीकडे कडेला थांबा आणि गाडीतच बसा. आपल्याकडे उतरून साहेबांजवळ जायची पद्धत आहे, इथे ती धोक्याची ठरते. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. कागद काढायचे असतील तर आधी सांगा, मग हात न्या. तिकीट मिळालं तर त्यावरच्या तारखेआधी निकाली लावा. विसरलात तर वॉरंट निघतं आणि पुढे व्हिसाच्या अर्जात ते आडवं येऊ शकतं. टेक्सासचं लायसन्स असेल आणि वेग मर्यादेपेक्षा २५ मैलांनी किंवा त्याहून जास्त नसेल, तर बहुतेक वेळा कोर्टाकडे ड्रायव्हिंगचा वर्ग मागता येतो. मागा.

केरव्हिल-जंक्शनच्या टेकड्यांत पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात. एक ओलांडून गेलं की मागे दुसरं असतंच. सरळ ब्रेक लावा, चाक फिरवू नका. हरीण वाचवायला जाऊन उलटलेली गाडी मी पाहिली आहे. मार्च-एप्रिलमध्ये एल पासोकडे धुळीची वादळं उठतात. समोरचं दिसेनासं झालं तर रस्ता पूर्ण सोडून थांबा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा ट्रक त्यांच्या रोखाने येतो.

खाणं घरूनच न्या. दशम्या, दाण्याची चटणी, दहीभात बर्फाच्या डब्यात. शाकाहारी असाल तर सोनोरापुढे चीज, ब्रेड आणि बटाट्याशिवाय फारसं हाती लागत नाही. लुलिंगला, ६३२ च्या एक्झिटवर, बकीज हा मोठा पेट्रोल पंप आणि दुकान आहे. तिथली स्वच्छतागृहं उत्तम, पहिला थांबा तिथेच घ्या. पाणी माणशी चार लिटर, नुसतं पिण्यासाठी.

एल पासोत शिरताना डावीकडे डोंगरउतारावर जी रंगीबेरंगी घरं दिसतात, ती मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरातली. सीमा इतकी जवळ आहे. पाट्या नीट वाचा. मेक्सिको किंवा ब्रिज ऑफ द अमेरिकाज लिहिलेल्या लेनमध्ये शिरलात की मागे फिरायला जागा राहत नाही, सरळ पुलावर जाल. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर परत यायला नाकी नऊ येतील. संध्याकाळच्या गर्दीत मधल्या लेन धरून ठेवा.

मूळ पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) आणि तुमच्या स्टेटसचा कागद जवळ हवाच, फोनमधला फोटो नव्हे. परतीच्या वाटेवर सिएरा ब्लांकाजवळ बॉर्डर पेट्रोलचा नाका आहे, तिथे पूर्वेला जाणारी प्रत्येक गाडी थांबते. खिडकीशी येऊन अधिकारी झटपट विचारतो, "यूएस सिटिझन?" भांबावून, मान डोलवायची सवय म्हणून, आपली मुलं "येस सर" म्हणून मोकळी होतात. चुकूनही म्हणू नका. नागरिक नसताना नागरिक आहे म्हणणं हा इमिग्रेशनच्या कायद्यात फार जड गुन्हा आहे, ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते. "नो सर, इंडियन सिटिझन, स्टुडंट व्हिसा" किंवा जे असेल ते, स्पष्ट आवाजात, आणि कागद पुढे करा. बहुतेकदा अर्ध्या मिनिटात सोडतात. मागे बसलेल्या आई-बाबांनाही हे वाक्य नाक्याच्या आधी दोनदा म्हणून घ्यायला लावा. मी माझ्या सासूबाईंकडून नाका यायच्या आधी पाठ करून घेतलं होतं आणि खिडकीशी त्यांनीच सगळ्यात ठणठणीत सांगितलं.