फोटो, सीटी, शेक: किरण कुठून येताय ते आधी विचारा

मागच्या महिन्यात एक आप्पा छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढून बाहेर आले, नातू पळत पळत आला तर त्याला हातानेच लांब सारलं आणि मला हळूच विचारलं, "मना नातूले आते मांडीवर लेऊ का नको?" मी म्हटलं, आप्पा, बिनधास्त घ्या. आणि त्याच आठवड्यात एक ताई पोटाच्या सीटी स्कॅनसाठी टेबलावर झोपल्यावर म्हणाली की पाळी दीड महिन्यापासून आली नाही, तोपर्यंत ना तिने कोणाला सांगितलं ना कोणी तिला विचारलं. मी मशीन तिथंच थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं, लघवीची टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली, मग सोनोग्राफीवरच काम भागलं.

हे दोन प्रसंग सांगायचं कारण एवढंच की आपल्याकडं लोक जिथं घाबरायला नको तिथं घाबरताय आणि जिथं बोलायला पाहिजे तिथं गप्प बसताय. मी १४ वर्षं धुळे जिल्ह्यात एक्स-रे आणि सीटीवर काम करतोय, रोज हेच बघतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू.

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायची सवय लावा: ह्या तपासणीत किंवा उपचारात किरण येणार कुठून? विजेतून, पेटीतून, की शरीरात दिलेल्या औषधातून? उत्तर कळलं की कशाला जपायचं ते आपोआप कळतं.

विजेतून म्हणजे एक्स-रे, सीटी स्कॅन, मॅमोग्राफी, दाताचा फोटो. १८९५ मध्ये जर्मनीत रोंटजेन साहेबांनी हे किरण शोधले, पण तत्त्व आजही तेच, नळीत जोराचा करंट सोडला की किरण निघतात आणि करंट थांबला की बंद. आमच्याकडं लाईट गेली की ते मशीन म्हणजे नुसतं लोखंड. त्यामुळं फोटो काढलेला माणूस किरण घेऊन घरी जात नाही, त्याच्या कपड्यात नसतात, घामात नसतात, खोलीच्या हवेतही उरत नाहीत. आप्पांनी नातू घ्यायला हरकत नव्हती ती यासाठी.

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असले किरण नसतातच. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते, एमआरआय चुंबकावर. पण एमआरआयचं चुंबक लाईट गेली तरी चालूच असतं हे ध्यानात ठेवा, म्हणून तिथं जोडवी, मंगळसूत्र, केसातल्या पिना, चाव्या, मोबाईल सगळं बाहेर काढून ठेवायचं, आणि पेसमेकर किंवा शरीरात कुठली क्लिप, प्लेट असेल तर नंबर लावतानाच सांगायचं.

आता किती किरण लागतात ते. आपण काही न करता घरी बसलो तरी जमिनीतून, हवेतून, आकाशातून, खाण्यातून किरण लागतच असतात, जगाची सरासरी धरली तर वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट (अंगाला किती किरण लागले ते मोजायचं हे माप). आपल्या रावेर-यावलच्या केळीत पोटॅशियम असतं आणि त्यातलं एकदम थोडंसं नैसर्गिकच किरणोत्सर्गी असतं, म्हणून कोणी केळी खायची सोडत नाही ना. छातीचा एक फोटो ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन दिवस ते दोन आठवडे नुसतं जगल्यावर जेवढे लागतात तेवढे. दाताचा छोटा फोटो त्याहून कमी. पण डोक्याचा सीटी २ च्या आसपास, छातीचा ५ ते ७, पोटाचा ८ ते १० मिलिसिव्हर्ट. म्हणजे पोटाचा एक सीटी तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढा. अपघात झालाय, डोक्याला मार आहे, पोटात काहीतरी फुटलंय असं वाटतंय तर तिथं क्षणभर विचार करू नका, सीटीने जीव वाचतो. पण "एकदा सगळा बॉडी स्कॅन करून टाका ना साहेब, मनाचं समाधान होईल" हे जे चालतं ते मला अजिबात पटत नाही. कोविडमध्ये तर लोक डॉक्टरांनी न सांगता, आठ-आठ दिवसांनी एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी, करायला यायचे, स्कोर किती आला ते विचारायला. डॉक्टरांना सरळ विचारा की ह्या फोटोने उपचारात काय फरक पडणार आहे, आणि सोनोग्राफीवर किंवा साध्या एक्स-रेवर भागेल का. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही, चांगला डॉक्टर राग मानत नाही.

तपासणीला जाताना जुनी फाईल घेऊन जा. ही गोष्ट छोटी वाटते पण निम्मे नको असलेले किरण इथंच वाचतात. एका पोराच्या वडिलांचा गाडीवरून पडून डोक्याचा सीटी झालेला, फिल्म मे महिन्यात चारचाकीच्या मागच्या काचेखाली ठेवली, दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांकडं नेली तर निम्मी काळी पडलेली. हल्लीच्या फिल्म उष्णतेवरच छापतात आणि आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत त्या परत भाजून निघतात. सीडी घेतलेली नव्हती, रिपोर्ट सापडेना, शेवटी परत सीटी. म्हणून फिल्मसोबत सीडी किंवा मोबाईलवरची लिंक मागून घ्या, फाईल कपाटात ठेवा, गाडीत नको, पत्र्याच्या खोलीत वर माळ्यावर नको.

बायांसाठी: वय बारा-तेरा ते पन्नास असेल तर शेवटची पाळी कधी आली ते टेक्निशियनला आपणहून सांगा. दिवस गेल्याची थोडी जरी शंका असेल तर सांगा. सासू किंवा दीर सोबत असल्यामुळं लाज वाटत असेल तर म्हणा मला एकटीला बोलायचंय, आम्ही त्यांना बाहेर बसवतो. आणि गरोदरपणात हाताचा किंवा छातीचा फोटो चुकून निघालाच तर घाबरून गर्भपाताच्या गोळ्या घेऊ नका, बाळापर्यंत पोचणारे किरण अशा फोटोत फार किरकोळ असतात. डॉक्टरांकडं जा, ते हिशोब करून सांगतात.

लहान पोरांच्या पेशी भराभर वाढत असतात म्हणून त्यांना किरणांचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होऊ शकतो, सीटी असेल तर "बाळाच्या मापाने सेटिंग लावा" एवढं म्हणायला विसरू नका. पोराला धरायला एकच जण आत, तोही शिशाचा ॲप्रन घालून, आणि धरणारी बाई असेल तर ती गरोदर नको. बाकीच्यांनी दाराबाहेर. आपल्याकडं एका पेशंटमागं सात माणसं खोलीत शिरताय आणि मी बाहेर काढलं की रुसताय. पण अंतरासारखं दुसरं संरक्षण नाही, किरणांपासून दुप्पट लांब गेलं की मार चौथाईवर येतो. दारावर लाल दिवा लागलेला असेल तेव्हा दार ढकलू नका.

सेंटर बरं आहे का ते कसं ओळखायचं? एक्स-रे, सीटी चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची परवानगी लागते, तिची प्रत मागितली तर दाखवायला पाहिजे. मशीन चालवणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज बघा. आमच्या अंगावर किती किरण पडले ते तो बॅज मोजतो, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. आम्हाला पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. बॅज न लावता, दार उघडं ठेवून फोटो काढणारा माणूस स्वतःला जपत नाही तर तुम्हाला काय जपणार.

आणि सीटीमध्ये शिरेतून औषध देणार असतील तर आधी कधी इंजेक्शनची ॲलर्जी झाली होती का, किडनीचा त्रास आहे का, शुगरची मेटफॉर्मिन चालू आहे का, हे तिन्ही सांगा. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते त्याच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवा.

आता शेक. कॅन्सरच्या रेडिएशनला आपल्याकडं कोणी शेक म्हणतं, कोणी लाईट, कोणी करंट. करंट बिरंट काही नसतो, चटका बसत नाही, मशीनखाली झोपल्यावर काही जाणवतही नाही, काही मिनिटात होतं. बाहेरून कॅमेऱ्यात तुम्ही दिसताय, हात हलवला की थांबवतात. मशीन दोन तऱ्हेचे. लिनॅक विजेवर चालतं, बंद केलं की बंद. कोबाल्टचं मशीन म्हणजे पेटीतले किरण, आत कोबाल्ट-६० असतं ते रात्रंदिवस किरण सोडतं, जाड शिशाच्या पेटीत झाकलेलं असतं, उपचारापुरतं उघडतं. दर सव्वापाच वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन नावाचं असं मशीन देशातच बनवलंय. पेशंट दोन्हीतून कोरडाच, म्हणजे अंगात किरण न घेता, बाहेर येतो, घरी पोराबाळांत बसायला काहीच अडचण नाही.

पेटीवरून एक महत्त्वाचं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या एका जुन्या यंत्रातलं कोबाल्ट उघडलं गेलं, एक कामगार गेला आणि बरेच जण भाजले. भंगारात जड शिशाची पेटी आणि तीन पात्यांच्या पंख्यासारखं चिन्ह दिसलं तर कापू नका, लांब व्हा, पोलिसांना फोन करा.

आपल्या भागात तंबाखू-गुटख्यामुळं तोंडाच्या कॅन्सरचे शेक मी फार बघतो, त्यामुळं त्याचंच सविस्तर सांगतो. सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन किडलेले दात काढून घ्या, कारण शेक झालेल्या जबड्यात नंतर दात काढला तर हाड लवकर भरत नाही, सडूही शकतं. पुढं आयुष्यभर दाताच्या डॉक्टरला "मला इथं शेक झालाय" हे सांगायचंच. मग चेहऱ्याचा जाळीचा मास्क बनवतात, म्हणजे रोज मान त्याच जागी राहते. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. पहिले दहा-बारा दिवस माणूस म्हणतो काही त्रास नाही, आणि नेमकं तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, चव जाते, लाळ घट्ट होते, गळ्याची कातडी काळी पडते. हे ठरलेलंच असतं, उपचार बिघडला असं नाही. याच वेळेला बरेच जण गाडी पकडून गावाला येताय, म्हणताय कापूस वेचणी आहे, कानबाई बसलीय, पुतण्याचं लग्न आहे, आठ दिवसांनी जातो. असं करू नका हो. मध्ये खाडा पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी परत वाढायला लागतात आणि आधीचे वीस दिवस सोसलेलं वाया जातं. सुट्टी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून.

खाण्यात ठेचा, शेवभाजी, झणझणीत रस्सा एकदम बंद. मुगाची पातळ खिचडी तूप घालून, वरणात बट्टी कुस्करून मिक्सरला फिरवलेली, दुधात केळं, ताक गार नाही पण साधं. वजन धरून ठेवणं फार गरजेचं आहे, वजन उतरलं की मास्क सैल होतो आणि नेम चुकायची भीती, मग परत मास्क, परत प्लॅनिंग. गिळताच येत नसेल तर नाकातली नळी घालून घ्या, काही आठवड्यांची गोष्ट असते. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. तोंड उघडायचा व्यायाम रोज, नाहीतर जबडा आवळून बसतो. गळ्यावर हळद, बाम, सुगंधी साबण, गरम पिशवी काहीच लावू नका, शाईच्या खुणा घासू नका, कडक कॉलरऐवजी मऊ सुती उपरणं, उन्हात तेच गळ्यावरून घ्या. आणि तंबाखू शेक चालू असताना लपून खाणाऱ्यांना हात जोडून सांगतो, त्याने शेकाचा गुण कमी होतो.

पैशाचं टेन्शन असेल तर आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले योजनेत शेक बसतो का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना सवलत आहे, तिचा ठराविक दाखला हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो.

राहिले औषधातले किरण. इथं मात्र खरंच लांब राहायचं असतं. पेट स्कॅनचं औषध दर दोन तासांच्या आत निम्मं होतं, हाडांच्या स्कॅनचं दर सहा तासांनी, म्हणून त्या दिवशी भरपूर पाणी प्या आणि लहान पोरं, गरोदर बाई यांच्याजवळ जाऊ नका, एवढं पुरे. पण थायरॉईडसाठी रेडिओ-आयोडीन देतात त्याला निम्मं व्हायला आठ दिवस लागतात, आणि ते लघवी, लाळ, घामातून बाहेर पडतं. कॅन्सरसाठी मोठा डोस असेल तर दवाखान्यातच वेगळ्या खोलीत ठेवतात. घ्यायच्या आधी गरोदर नाही ना ही टेस्ट, अंगावर दूध पाजत असाल तर ते आधीच पूर्ण बंद, आणि नंतर डॉक्टर सांगतील तोपर्यंत, साधारण सहा महिने, दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

माझ्या चुलत बहिणीला मुंबईहून हा डोस घेऊन यायचं होतं. गर्दीच्या गाडीत सात-आठ तास कोणाला खेटून बसायचं नव्हतं, म्हणून आम्ही चारचाकी केली, ती मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या तिरक्या कोपऱ्यात, बाकी मागं कोणी नाही. घरी वेगळी खोली, वेगळं ताट-तांब्या, कपडे वेगळे धुवायचे, संडासात दोनदा पाणी टाकायचं. तिचा पोरगा अडीच वर्षांचा, त्याला आईजवळ जाऊ न देणं हेच सगळ्यात अवघड गेलं. डिस्चार्जच्या कागदावर किती दिवस ते लिहिलेलं होतं, तेवढे दिवस त्याला आजोळी अमळनेरला पाठवला, आणि ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्याला जेवताना बघायची. शेवटच्या दिवसाची तारीख तिने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती.