कूलरच्या दुकानात सायकली भाड्याने देताय? या चुका टाळा

होळी झाली की लोक कूलर सांगायला येतात आणि मृगाचे दोन-चार चांगले पाऊस पडले की तेच कूलर टेम्पोतून परत येतात. नागपुरात कूलर भाड्याने देणाऱ्याचं वर्ष एवढंच. दुकानाचं भाडं आणि पोरांचा पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो. बर्फाच्या गावांतले स्कीवाले, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्ट्या भाड्याने देणारे, उन्हाळा आला की त्याच दुकानातून सायकली देतात. आपल्याकडे ऋतू उलटा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी इथली हवा सायकलीसाठी अगदी सोन्यासारखी असते. म्हणून तीन हिवाळ्यांपूर्वी मी कूलर एका भिंतीला रचले आणि उरलेल्या जागेत सायकली उभ्या केल्या.

कूलर गिऱ्हाइकाच्या घरात जागेवर उभा राहतो. बिघडला तर फोन येतो, आपण पंप बदलून देतो. सायकल बिघडते ती सेमिनरी हिल्सच्या उतारावर, आणि तिच्यावर माणूस बसलेला असतो. माझ्या जवळपास सगळ्या चुका हा फरक वेळेवर न कळल्यामुळे झाल्या.

बोर्डावर ‘बाईक’ लिहू नका

सुरुवातीचा महिनाभर लोक यायचे आणि विचारायचे, "भाऊ, ॲक्टिव्हा आहे का?" आपल्याकडे बाईक म्हणजे मोटरसायकल. बोर्डावर ‘सायकल’ असंच लिहा. ‘दोन-चार स्कूटरही ठेवून टाकू’ असा मोह होतो, तो आवरा. मोटरसायकली भाड्याने देण्यासाठी 1997 च्या केंद्रीय योजनेखाली परवाना लागतो आणि अशा गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. घरची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही. बॅटरीची सायकल ठेवायची असेल तर 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटर या मर्यादेच्या आतली, मान्यताप्राप्त मॉडेलचीच घ्या. त्यापुढची गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते.

कूलरच्या मिस्त्रीला सायकल देण्याआधी

आमचा मिस्त्री मोटर रिवाइंड करण्यात पक्का आहे. पहिल्या आठवड्यात त्यानं डावं पायडल नेहमीच्या आट्यानं घट्ट करायला घेतलं, बसेना म्हणून पान्याला पाईप लावून जोर दिला. पायडल ज्या दांड्यात बसतं ती क्रँक ॲल्युमिनियमची होती, तिचे आटे गेले. दोन दिवसांनी एका मुलीचं पायडल फुटाळ्यावर निखळलं. ती पडली नाही, पण मला ती रात्र झोप लागली नाही.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सरळ असते तर चालवताना पायडल आपोआप सैल होत गेलं असतं. पायडलच्या दांडीच्या टोकावर ‘एल’ (डावं) आणि ‘आर’ (उजवं) कोरलेलं असतं, ते आधी बघा. लक्षात ठेवायला सोपं: पाना वर धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पायडलं घट्ट होतात, मागच्या चाकाकडे फिरवला की सैल. सुरुवातीचे दोन-तीन आटे हातानेच चढवा. हाताने चढत नसेल तर पायडल चुकीच्या बाजूला आहे किंवा तिरपं बसलंय.

दुसरी सवय तेलाच्या स्प्रेची. कूलरची मोटर कुरकुरली की स्प्रे मारायचा, तसाच तो डिस्क ब्रेकवर मारला गेला. ब्रेक किंचाळायचा थांबला आणि लागायचाही थांबला. डिस्कला तेल लागलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसा आणि पॅड पॉलिश पेपरवर घासा. पॅडने तेल शोषलं असेल तर ते फेकून नवे टाका, तिथे पैसे वाचवू नका. तेल फक्त चेनला, तेही थेंबाथेंबाने, आणि वरचं पुसून घ्यायचं.

चेन सारखी का उतरते?

मी महिनाभर गियरचे स्क्रू फिरवत बसलो होतो. कारण टेम्पोत होतं. सायकली आम्ही कूलरसारख्या एकमेकींवर रचून दोरीने आवळायचो. उजव्या अंगावर पडलेल्या सायकलीचं मागचं गियर आत दाबलं जातं आणि ते ज्या छोट्या पट्टीवर टांगलेलं असतं ती वाकते. पट्टी वाकलेली असेल तर स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही. मागून बघा, गियरची दोन्ही छोटी चाकं आणि वरची दातेरी चकती एका ओळीत दिसली पाहिजेत. टेम्पोत सायकल उभीच न्या. आडवी करावीच लागली तर चेनची बाजू वर ठेवा, मध्ये पोतं घाला.

पंक्चर काढलं, तासाभरात पुन्हा हवा गेली

अंबाझरी-गोरेवाड्याकडून येणाऱ्या टायरमध्ये बाभळीचा काटा नाहीतर सराटा हमखास. ट्यूब काढली की टायरच्या आतून फडकं फिरवा, मोडलेलं टोक त्यालाच अडकतं. बोट फिरवू नका. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलंय. भोक रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकलेली आहे.

"ऊन लागलं की हवा फुगून ट्यूब फुटते" हे मीही मानायचो. 20 अंशांवर 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेली ट्यूब 45 अंशांत साधारण 55-56 वर जाते. चांगलं टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतं ते जुनं, चिरा गेलेलं टायर, नाहीतर ठिगळाचं सोल्युशन सुटतं.

सीटची उंची न लावता सायकल देऊ नका

स्की भाड्याने देणारा गिऱ्हाइकाचं वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि सराव विचारून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावतो, म्हणजे पडल्यावर बूट वेळेवर सुटतो. ही शिस्त स्कीवाल्याच्या हाताला असते. आपल्या कूलरवाल्यांना गिऱ्हाइकाचं माप घ्यायची सवयच नसते, ती लावून घ्यावी लागते. टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, सीट तेवढी. सीटच्या दांडीवरची शेवटची खूण कधीही बाहेर दिसता कामा नये. मग हवा, दोन्ही ब्रेक, दोन्ही चाकांची पकड आणि हँडल. दोन मिनिटं लागतात, रांग लागली तरी ती द्यायचीच. सगळ्या सायकली एकाच मापाच्या घेऊ नका. माझ्या पहिल्या खरेदीत लहानखुऱ्या बायका आणि शाळकरी मुलांना बसेल अशी एकही नव्हती.

वेळेचंही तसंच. कूलरचं दुकान दहाला उघडतं, सायकलवाला साडेपाचला येतो. डिसेंबरअखेर इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तासभर अंधारच. पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावल्याशिवाय पहाटेची सायकल सोडू नका. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंश नोंदले गेले होते. अशा सकाळी उघडे हात आखडतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. हातमोजे काउंटरवर ठेवा.

भाडं कूलरसारखं ‘सीझनचं एकदम’ घेऊ नका. महिन्याच्या सायकली आम्ही आता पंधरा दिवसांनी दुकानात बोलावतो, चेन आणि ब्रेक बघूनच परत देतो. त्यात जे सापडतं ते गिऱ्हाईक फोनवर कधीच सांगत नाही.

फेब्रुवारीअखेर कूलर पुन्हा पुढे येतात, तेव्हाची चूक सर्वांत महागात पडते. सायकली मागे ढकलल्या जातात, शेजारीच पंप तपासायला टाक्या भरतात, पाणी सांडतं, चेन गंजते. वर पत्र्याचं शेड. 23 मे 2013 ला या शहरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, मेमध्ये पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. हवा गेलेल्या टायरवर सायकल महिनोन्‌महिने उभी राहिली की टायरला बाजूने चिरा जातात. आम्ही आता त्या शेडऐवजी घराच्या मागच्या पक्क्या खोलीत सायकली ठेवतो. चेन धुऊन, तेल लावून, टायर जमिनीला टेकणार नाहीत अशा टांगून, निम्मी हवा ठेवून. हँडलला चिठ्ठी बांधतो: काय खराब आहे, कोणता पार्ट लागेल. दसऱ्याआधी ती चिठ्ठी वाचूनच पार्ट आणायला निघतो.