बटण दिसतंय, पण दाबलं तरी हलत नाही?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यासाठी ॲस्ट्रोमध्ये (वेबसाइट बांधायच्या फ्रेमवर्कमध्ये) साइट केली. सगळी पानं स्थिर, फक्त एका ठिकाणी छोटा हिशेब: किती क्विंटल, काय दर, एकूण किती. त्यासाठी रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेला कंपोनंट, म्हणजे पानाचा एक सुटा भाग, पानात टाकला, चौकटी नीट दिसल्या, पण आकडे भरून बटण दाबलं तर काहीच होईना.

चूक कंपोनंटमध्ये नव्हती. ॲस्ट्रो बिल्डच्या वेळी, म्हणजे साइटची पानं आधीच तयार करताना, त्याचं एचटीएमएल करून ठेवतो आणि आपण सांगितल्याशिवाय त्याची जावास्क्रिप्ट ब्राउझरकडे पाठवतच नाही. कंपोनंटच्या टॅगवर 'क्लायंट:व्हिजिबल' लिहा, की तो भाग स्क्रीनवर आल्यावरच स्क्रिप्ट उतरते. यार्डात सौद्याच्या गर्दीत, मोबाइलच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर साइट उघडणाऱ्या शेतकऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे. पानाच्या अगदी वरच लागणाऱ्या गोष्टीला मात्र 'क्लायंट:लोड' द्या, म्हणजे पान उघडताच स्क्रिप्ट उतरते. सरसकट सगळीकडे तेच लावू नका, मग स्थिर साइटचा फायदा काय राहिला?

आणखी एक. शेवटचा दर लक्षात ठेवायला मी कंपोनंट रेंडर होतानाच (त्याचं एचटीएमएल बनतानाच) लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साठवण, वाचत होतो, तर बिल्डच कोसळला. बिल्डच्या वेळी ब्राउझर नसतोच. ते वाचन यूजइफेक्टमध्ये, म्हणजे रिॲक्टच्या फक्त ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हलवा. 'क्लायंट:ओन्ली' हाही मार्ग आहे, त्याने बिल्डच्या वेळी कंपोनंट रेंडरच होत नाही, पण त्यात स्क्रिप्ट येईपर्यंत ती जागा रिकामी राहते. म्हणून मला पहिलाच बरा वाटतो.