थंडीतलं आकाश: चंद्र आणि ठळक तारे कसे पाहावेत

चंद्र पाहायला पौर्णिमा निवडू नका. त्या रात्री ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि डोंगर-विवरं सपाट दिसतात. पौषातली किंवा माघातली शुद्ध अष्टमी धरा.

दुर्बीण ७×५० किंवा १०×५० (म्हणजे सातपट किंवा दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगांची), दोन्ही डोळ्यांची. वीसपट मोठं दाखवणारी घ्या, असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. तिच्यात हाताची थरथरही वीसपट होते.

मला सगळ्यात जास्त छळलं ते फोकसनं. मधलं चाक फिरवून भागत नाही, कारण आपले दोन डोळे सहसा सारखे नसतात. उजव्या भिंगावर टोपण लावा आणि चाक फिरवून डाव्या डोळ्यानं एखादा तारा टोकदार करा. मग टोपण डावीकडे लावा आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेची, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाची, कडी फिरवा. डोळा मिटून हे करू नका, चेहरा आवळला की नजर बदलते. फोकस ताऱ्यावरच करायचा. चंद्र थोडा धूसर असला तरी चालून जातो, तारा लगेच चुगली करतो.

आता हात. अष्टमीचा चंद्र संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो, उभ्यानं मान मोडते. आरामखुर्चीत रेला, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवा. उजेड-अंधाराच्या सीमेवर नजर ठेवा: मध्याजवळ टॉलेमियस हे विवर, सुमारे १५० किलोमीटर रुंद, आणि त्याखाली दक्षिणेकडे विवरांची दाटी.

तारे सोपे. जानेवारीत रात्री नऊला आग्नेयेला उंचावर मृग असतं. मृगाच्या मधोमध असलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की तांबूस रोहिणी, पुढे कृत्तिका. मृगातल्याच काक्षीचा तांबडा आणि राजन्याचा निळसर रंग नुसत्या डोळ्यांनी कळतो. बाणाखालचा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, मात्र अमावास्येच्या आसपासच पाहा, चांदण्यात तो फिका पडतो.

अगस्ती राहिला. व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा, पण मुंबई-पुण्याहून क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा कमी. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास थेट दक्षिणेला बघा. समोर इमारत असेल तर गच्ची बदला.