१२ टेराबाइटच्या डेटा वेअरहाऊसचा बॅकअप घ्यायचा कसा

आधी कागदावर एक हिशोब करा. समजा ओरॅकल डेटाबेसवर साधारण १२ टेराबाइटचं वेअरहाऊस (रिपोर्टसाठी साठवलेल्या डेटाचं कोठार) आहे, ५ वर्षांची विक्री, महिन्याला २०० जीबी, आणि बॅकअप सर्व्हरपर्यंत १ गिगाबिटची लाइन. म्हणायला ती सेकंदाला १२५ एमबी, हाती पडतात ११० च्या आसपास, म्हणजे फुल बॅकअपला ३० तास. रात्र मिळते ८ तासांची. "रोज रात्री फुल बॅकअप लावून टाक ना" म्हणणाऱ्या साहेबांना हा कागद दाखवायचा आणि उलट विचारायचं, की वेअरहाऊस किती वेळ बंद राहिलं तर चालेल आणि किती दिवसांचा डेटा परत लोड करायची तयारी आहे? कारण इथला डेटा मुळात दुसऱ्या सिस्टिममधून आलेला असतो, त्या सोर्स फाइल्स ८-१० दिवस जपून ठेवल्या की एका दिवसाचं नुकसान भरून काढता येतं.

आता पहिलं काम, जुना माल वेगळा करणं. ४ वर्षांपूर्वीच्या मार्चची विक्री आता कोण बदलणार आहे? तरी ती रोज रात्री उचलून न्यायची म्हणजे हमालीच. टेबलला महिन्यानुसार पार्टिशन करा (तुकडे पाडा), प्रत्येक महिन्याला वेगळी टेबलस्पेस, म्हणजे डेटाफाइल्सचा वेगळा गट, द्या, आणि महिना पक्का झाला की ती रीड ओन्ली करून टाका. मग तिचा बॅकअप एकदाच, पण दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. रोजच्या आरमॅन (ओरॅकलचं बॅकअपचं टूल) कमांडमधे 'स्किप रीडओन्ली' टाकलं की उरतात चालू ३ महिने आणि मास्टर टेबलं (ग्राहक, वस्तू वगैरेंच्या याद्या) धरून ७०० जीबी, म्हणजे पावणेदोन तास, तेही फुल घेतला तर. वेगवान लाइनसाठी एक रुपया खर्च नाही.

फक्त महिना "पक्का" कधी होतो ते अकाउंट्सवाल्यांना विचारा, परत आलेला माल, क्रेडिट नोटा असलं काहीतरी उशिरा येतंच. दुरुस्तीसाठी जुना महिना उघडलात तर परत बंद करून त्याचा नवा बॅकअप घ्यायचा, हे हमखास विसरलं जातं. आणि बॅकअपच्या जागेवर "९० दिवसांपेक्षा जुनं ते उडवा" असा नियम कोणी लावलाय का बघा. जुन्या महिन्यांचा बॅकअप एकदाच घेतलेला असतो, नियमाला ते कळत नाही. मी असा नियम एका ठिकाणी ८२ व्या दिवशी पकडला होता, तोही दुसरंच काहीतरी शोधताना.

उरलेल्या भागासाठी रविवारी लेव्हल ०, म्हणजे पूर्ण बॅकअप, आणि बाकीचे दिवस लेव्हल १, म्हणजे फक्त बदललेले ब्लॉक (डेटाफाइलचे छोटे तुकडे). यात ब्लॉक चेंज ट्रॅकिंग (कुठले ब्लॉक बदलले त्याची नोंद) चालू करायचंच, नाहीतर लेव्हल १ लिहितो थोडं पण बदललं काय ते शोधायला वाचतो सगळं, आणि मग लोक म्हणतात इन्क्रिमेंटलचा (म्हणजे लेव्हल १ चा) काही फायदा नाही. (हे एंटरप्राइज एडिशनमधेच मिळतं.) स्टेजिंग टेबलं (लोडच्या वेळी डेटा तात्पुरता ठेवायची) वेगळ्या टेबलस्पेसमधे टाकून बॅकअपमधून वगळा. इंडेक्स मात्र मी वगळत नाही, परत बांधता येतात हे खरं, पण ऐन रिस्टोरच्या दिवशी त्यात किती तास जातील ते बघा.

आता खरी मेख. रात्रीचा लोड लवकर व्हावा म्हणून ईटीएलवाले (सोर्समधून डेटा आणून भरणारे) 'नोलॉगिंग' वापरतात, म्हणजे डेटा थेट डेटाफाइलमधे जातो, रीडो लॉगमधे (बदलांच्या नोंदवहीत) त्याची पूर्ण नोंद नसते. तुमचा बॅकअप रात्री १ चा, लोड ३ चा, डिस्क गेली सकाळी ११ ला. रिस्टोर होतं, लॉगवरून रिकव्हरी होते, डेटाबेस उघडतो, सगळे चहाला जातात, आणि मग पहिला रिपोर्ट चालवणाऱ्याला दिसते ओरा-२६०४० ही एरर, म्हणजे हा ब्लॉक नोलॉगिंगने लोड झाला होता. ३ चा लोड लॉगमधे नव्हताच तर परत येणार कुठून? म्हणून बॅकअप घड्याळाच्या वेळेवर लावू नका, लोडच्या शेवटच्या जॉबला जोडा, लोड संपला की लगेच लेव्हल १. 'रिपोर्ट अनरिकव्हरेबल' ही कमांड अशा उघड्या पडलेल्या फाइल्स दाखवते, ती रोज सकाळी बघायची. स्टँडबाय (लॉगवरून चालणारा जोडीचा डेटाबेस) असेल तर सरळ फोर्स लॉगिंग (सगळ्याची सक्तीने नोंद) लावा, लोड थोडा हळू होईल, होऊ दे.

कंट्रोलफाइलचा (डेटाबेसच्या फाइल्सची यादी असते त्या फाइलचा) ऑटोबॅकअप चालू ठेवा. डेटा एन्क्रिप्ट केला असेल तर वॉलेटची (किल्ली असलेल्या फाइलची) प्रत वेगळी घ्या, आरमॅन ते घेत नाही, आणि किल्लीशिवाय १२ टेराबाइट म्हणजे निव्वळ रद्दी.

जॉब फेल झाल्यावर मेल येईल, यावर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटचा डेटाबेस चुकून डिलीट झाला तेव्हा कळलं की पोस्टग्रेस ९.६ या डेटाबेसचा बॅकअप ९.२ च्या टूलने घ्यायचा प्रयत्न होत होता, तो फेल जात होता, आणि फेल झाल्याच्या मेल्स मेल सर्व्हर नाकारत होता. साधारण ६ तासांचा डेटा गेला. त्यामुळे मेल यशाची मागवा, आणि ती आली नाही तर फोन वाजू दे.

'रिस्टोर व्हॅलिडेट' दर आठवड्याला चालवा, त्यात बॅकअप वाचता येतोय एवढं कळतं. तिमाहीत एकदा मात्र दुसऱ्या सर्व्हरवर खरंखुरं रिस्टोर करा. १२ टेराबाइट जागा नसेल तर सिस्टिमच्या टेबलस्पेस, अंडू (अर्धवट बदल मागे घ्यायची टेबलस्पेस) आणि कुठलाही एक जुना महिना एवढंच आणा, एक बेरीज काढा, मूळ रिपोर्टशी ताडून बघा, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. आमच्या पहिल्या वेळी २ तास नुसते यात गेले की नव्या सर्व्हरवर जुने पाथच नव्हते, मग एकेक डेटाफाइलला 'सेट न्यूनेम' (नवा पाथ सांगणारी कमांड) टाइप करत बसलो. त्या ओळींची स्क्रिप्ट करून ठेवलीय आता, आणि तिची प्रिंट माझ्या ड्रॉवरमधे, कारण स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवर आहे तोच पडला तर?