घोडा बाहेर काढला की अडतो? आधी हे बघा, मग टाच मारा

आमचा घोडा सारंगखेड्याच्या बाजारातला. दत्तजयंतीला तापीच्या काठी तो बाजार भरतो, तिथं विकणाऱ्यानं त्याला डोळ्यासमोर असा पळवून दाखवला की घरी पोचायच्या आत आम्ही त्याचं नाव तुफान ठेवून मोकळे. चार दिवस रमू दिला, पाचव्या दिवशी खोगीर घातलं, गेटबाहेर काढला, पाटाच्या पुलापर्यंत गेला आणि उभा. चुचकारलं, उभा. टाच मारली, उभा. दुसऱ्यांदा जोरात मारली तर मान वर, कान मागे, आणि गर्रकन डावीकडं वळून तोंड घराकडं. टपरीवर बसलेलं अर्धं गाव बघतंय, त्यातला एकजण म्हणतो "पेट्रोल संपलं वाटतं". अडेलतट्टू हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही हे त्या दिवशी पटलं.

त्यानंतर पाच-सहा आठवडे जे काही केलं, जे चुकलं, जे जमलं ते लिहितोय. मी काही मोठा ट्रेनर नाही, पण ज्यांच्याकडं एखादाच घोडा आहे आणि जवळपास रायडिंग क्लब वगैरे नाही त्यांना उपयोग होईल.

गावात पहिला सल्ला काय मिळतो तर "खोड आहे त्याला, दोन फटके द्या". आणि दुसरा म्हणजे अंगावरचा कुठला तरी भोवरा, म्हणजे केसांचा गोल, दाखवून "हा बघा, म्हणूनच अडतोय". भोवऱ्याचं राहू द्या. खोड असते, नाही असं नाही, पण खोड म्हणायच्या आधी त्याला कुठं दुखतंय का ते बघणं आपलं काम आहे, कारण घोड्याला बोलता येत नाही, थांबणं एवढंच त्याच्या हातात म्हणजे पायात आहे.

मी एक सोपी पद्धत वापरली. पहिल्या दिवशी घोडा नुसता दोरीनं धरून, पाठीवर काही न घालता, त्याच रस्त्यानं चालत नेला. दुसऱ्या दिवशी खोगीर घालून पण कुणी न बसता. तिसऱ्या दिवशी बसून. कुठल्या दिवशी अडतो त्यावरून बरंच कळतं. मोकळा मजेत चालला आणि खोगीर चढवल्यावर कान पाडायला लागला तर खोगीर नाहीतर पाठ बघा. बसल्यावरच अडला तर पाठ, वजन, तोंड, किंवा तुमचा हात. मोकळासुद्धा त्याच जागी थांबला तर भीती किंवा घराची ओढ. शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

तुफान दुसऱ्या दिवशी अडला. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, ओढताना मागं वळून चावायला बघायचा हे आम्ही "नखरे" म्हणून सोडून दिलं होतं. मग खोगीर काढून कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत मानेपासून कमरेपर्यंत आलो, डाव्या बाजूला एका जागी आल्यावर त्याची कातडी थरथरली आणि पाठ खाली गेली. परत दाबलं, परत तेच. खोगीर उलटं करून बघितलं तर आतली भरण एका बाजूला गोळा होऊन सुपारीएवढी गाठ झालेली. ती गाठ रोज माझ्या वजनाखाली त्याच जागी रुतत होती आणि मी वरून टाच मारत होतो! पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तेही बघून ठेवा, जुन्या खोगिराच्या दाबानं तिथले केस पांढरे येतात.

वजनाचं पण बघा. माणूस अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावं असं साधारण धरतात. म्हणजे ३०० किलोचा तट्टू असेल तर ६० किलो, खोगिरासकट. आपल्याकडं भीमथडी जातीचे किंवा असेच छोटे चणीचे घोडे असतात, काटक असतात, दिवसभर चालतात, पण म्हणून ९० किलोच्या दाजींना त्यावर बसवून डोंगर चढवायचा नसतो.

तोंड. खालच्या-वरच्या दाढांच्या कडा झिजून धारदार होतात, गालाला आतून लागतात, शिवाय काही घोड्यांना दाढांच्या पुढं एक छोटासा दात असतो तो बिटला, म्हणजे लगामाच्या तोंडातल्या लोखंडी कांडीला, अडकतो. वर्षातून एकदा डॉक्टरकडून दात बघून घ्या, पाच वर्षांच्या आतला असेल तर दोनदा, कारण तोपर्यंत दुधाचे दात पडत असतात. आणि काटेरी बिट वापरत असाल तर आजच्या आज फेकून द्या. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात काटेरी बिटला सरळ बंदी आहे, तरी बाजारात मिळतं आणि लोक घेतात.

खुरांचं बहुतेकांना माहीत असतं. नाल ६ ते ८ आठवड्यांनी बघायलाच लागते. दुडकी चालवून बघा, एखादा पुढचा पाय टेकताना डोकं वर झटकत असेल तर तो पाय दुखतोय.

आणि पोट. हे मला अजिबात माहीत नव्हतं. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, तो खातोय का नाही याच्याशी संबंध नाही. आपण सकाळी उपाशीपोटी काढला की ते आम्ल हलून पोटाच्या वरच्या भागाला लागतं, अल्सर होतात, आणि अल्सरचा घोडा पुढं जायला कुरकुर करतो. "पोट भरलं तर पळणार कसा" म्हणून आम्ही सकाळी काहीच द्यायचो नाही. आता निघायच्या अर्धा तास आधी दोन मुठी लसूणघास आणि थोडी कडब्याची कुट्टी देतो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, नाही हां, ती नंतर.

एवढं सगळं ठीक असूनही अडतोय, तर भीती का ओढ ते ओळखा. बुजलेला घोडा मान ताठ करून, दोन्ही कान पुढं रोखून, फुरफुरत एका वस्तूकडं बघतो, त्याचं हृदय धडधडलेलं तुम्हाला मांडीखाली कळतं. घराची ओढ लागलेला तसा नसतो, त्याचे कान मागं, लक्ष मागं, खिंकाळून तबेल्यातल्या जोडीदाराला हाक मारतो आणि दरवेळी ठरलेल्या जागीच अडतो. दोघांचा इलाज वेगळा आहे.

भीतीचं आधी सांगतो. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. जमिनीवरची वस्तू नीट बघायला त्याला मान खाली न्यावी लागते, आणि आपण काय करतो तर घाबरून लगाम ओढतो, म्हणजे त्याची मान वरच राहते, म्हणजे त्याला ती गोष्ट दिसतच नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश जुळवून घेतात, त्यामुळं हायवेच्या खालचा बोगदा त्याच्यासाठी काळी भिंत असते. तर लगाम सैल सोडा, त्याला त्या वस्तूपासून दहा-पंधरा पावलं लांब उभा करा, बघू द्या, वास घेऊ द्या. मान खाली घालून तोंड चघळल्यासारखं केलं, मोठा श्वास सोडला की समजा आता एक पाऊल मागायला हरकत नाही. एकच. दिलं की थांबा, मानेवर हात फिरवा. आमचा पूल ओलांडायला पहिल्यांदा पस्तीस मिनिटं लागली. पुलाच्या कठड्याला कुणीतरी नवीन पांढरा चुना मारला होता, बाकी काही नाही.

खाली उतरून हातानं नेलं तर "तो जिंकला" असं काही लोक म्हणतात. मला पटत नाही. उतरून, त्याच्या खांद्याच्या बाजूला चालत, ती जागा पार केली आणि पलीकडं परत बसलो तर तो पुढंच गेला ना? फक्त समोर उभं राहून दोरी ओढायची नाही, तो मागं ओढणार आणि त्याची ताकद तुमच्यापेक्षा जास्त आहे. आणि बुजला तर उडी तुमच्या अंगावर.

आता घराची ओढ. इथं थोडा ठामपणा लागतो पण मार नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पायानं पुढं चल म्हणायचं आणि हातानं लगाम गच्च धरायचा. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम. त्यात घोडा लग्नाच्या वरातीतला किंवा नाचकाम शिकवलेला असेल तर अजून गंमत, कारण त्याला शिकवलेलंच असं असतं की लगाम आवळला आणि टाच लागली की जागेवर नाचायचं. तो बिचारा तुमचं ऐकतोय आणि तुम्ही म्हणताय अडला! घेताना विकणाऱ्याला विचारा, नाचवलाय का. आमच्या भागात बैलगाडा शर्यतीत पुढं पळणाऱ्या घोड्या असतात, त्यांचं उलटं, त्यांना पळणं माहीत आहे पण एकट्यानं शांत चालणं कुणी शिकवलेलंच नसतं.

तर असं करा. नजर लांब ठेवा, घोड्याच्या कानांकडं किंवा जमिनीकडं नको. लगाम एवढा सैल की मान पुढं टाकता येईल. आधी पोटरीनं हलकं दाबा. नाही हलला तर थोडं जास्त. तरी नाही तर आपल्या पायाच्या मागं छडीनं टिचक्या, मारणं नाही, टक टक टक एका लयीत, थांबायचं नाही, जोपर्यंत त्याचा पाय हलत नाही. पाय पुढं पडला त्या क्षणाला सगळं बंद. पाय पण सैल, छडी पण बंद. हा क्षण चुकला तर सगळं वाया, कारण दाब कशानं थांबला तेच घोडा शिकतो. तुम्ही कंटाळून थांबलात आणि तो उभाच असेल तर "उभं राहिलं की हे थांबतात" असं शिकला. माझं पहिल्या आठवड्यात नेमकं हेच झालं, मी त्याला अडायची ट्रेनिंगच दिली म्हणा ना.

तो गर्रकन डावीकडं वळला तर त्याला डावीकडूनच पूर्ण गोल फिरवून आणायचा मोह होतो, तसं करू नका. तो डावीकडं वळलाय तर उजव्या लगामानं उजवीकडूनच परत जिथं तोंड होतं तिथं आणा. नाहीतर त्याला हवं ते वळण मिळतंच. आणि दोन्ही लगाम एकदम ओढून मागं सरकवू नका, मागं सरकायची सवय लागली की मागं नाला आहे का ट्रॅक्टर आहे ते तो बघत नाही.

घोडा पुढचे पाय उचलायला लागला तर मात्र वेगळं प्रकरण. लगाम लगेच सोडा, पुढं वाकून मानेला मिठी मारा, लगामाला लटकलात तर घोडा मागं तुमच्या अंगावर पडतो. पाय खाली आले की उतरा आणि त्या दिवशीपुरतं तिथंच थांबा. दोनदा झालं तर जाणकार माणसाकडं द्या, आणि तो जाणकार पहिल्याच दिवशी जाड दोर आणि काठी मागत असेल तर दुसरा शोधा. डोक्यावर हेल्मेट पाहिजेच, फेटा बांधून रील काढायची असेल तर ती अंगणात काढा.

रोजच्या सवयींचं थोडं. घरी येताना पळवायचं नाही, कधीच नाही, शेवटचा किलोमीटर चालत. गेटपाशी आल्यावर दर दोन दिवसांनी गेट ओलांडून पुढं जायचं आणि मग वळायचं. त्याच रस्त्यानं जाऊन त्याच रस्त्यानं येण्यापेक्षा गोल रस्ता शोधा, शेताच्या बांधावरून वगैरे. मेहनत घराजवळ आणि आराम लांब: आम्ही गोठ्याशेजारच्या मोकळ्या जागेत वीस मिनिटं दुडकीचे गोल घ्यायचो आणि मग पुलापलीकडं चिंचेखाली जाऊन उतरायचो, तंग सैल करायचो, दहा मिनिटं हरळी खाऊ द्यायचो. तिसऱ्या आठवड्यात चिंच दिसली की पाऊल आपोआप उचलायला लागलं.

दुसरा शांत घोडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. आधी तो पुढं आपला मागं, मग शेजारी, मग आपला पुढं, मग तो घरी. फक्त फार दिवस मागं मागं चालवू नका. माथेरानला वगैरे एकामागं एक चालणारी तट्टं बघा, त्यातलं एखादं एकटं बाहेर काढलं तर हलत नाही, कारण त्याचं काम पुढच्याच्या शेपटीमागं चालणं एवढंच असतं.

आणि दमला असताना, उन्हात, घाई असताना हे करायला जाऊ नका. तासाभरानं कुठं पोचायचं असेल तर त्या दिवशी बाईक काढा.

तुफान आता पुलावरून एकटा जातो. चुन्याच्या कठड्याकडं एक कान अजून वळतो, मी लगाम सैल सोडतो, चालू. आता नवीनच भानगड झालीय, परत येताना टपरीपाशी थांबतो आणि हलत नाही, कारण तो पेट्रोलवाला त्याला रोज गुळाचा खडा देतो. देऊ नको म्हणून तीनदा सांगून झालं.